कठड्यापलीकडचे बाक



परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींचे अर्ज भरून देणे, शुल्काचा आणि कर्जाचा हिशेब मांडणे, विद्यापीठांशी होणारा पत्रव्यवहार पाहणे, ही कामे गेली काही वर्षे आप्तेष्टांनी माझ्याकडे विश्वासाने सोपविली आहेत. करसल्लागाराच्या व्यवसायातून निवृत्त झालेल्या माणसाला असे काम हवेच असते. गेल्या वर्षी आषाढात अशाच एका पत्राने मला स्वतःच्या मनाची झडती घ्यायला लावली. ती हकीकत आज सांगावीशी वाटते. कारण ती एका घराची नाही, आपल्यातील अनेक घरांची आहे.

माझे एक स्नेही भुसार मालाचे व्यापारी आहेत. त्यांच्या कन्येला अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. वसतिगृहातील खोली ठरली, सोबत राहणाऱ्या मुलीचे नाव आणि छायाचित्रही आले. ती मुलगी कृष्णवर्णीय अमेरिकन होती. त्याच रात्री दुकान वाढवून स्नेही माझ्याकडे आले. घरात सगळे धास्तावले आहेत, आईने जेवण घेतले नाही, खोली बदलून मिळावी असे एक पत्र लिहून द्या, असे म्हणाले. मी लिहून दिले. कारण म्हणून आहार पुढे केला: मुलगी शाकाहारी आहे, कांदा-लसूणही खात नाही, तरी समान आहाराची सोबतीण मिळावी. पत्र सभ्य होते, भाषा निर्दोष होती आणि त्यातील प्रत्येक शब्द खरा होता.

पाठविण्यापूर्वी ते मुलीला वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, ती मुलगी गोरी असती, तर पप्पा तुमच्याकडे आले असते का? गोऱ्या मुलीही मांसाहार करतातच ना?" आम्हा दोघांपाशी उत्तर नव्हते. पत्र पाठविलेच नाही. त्यातील शब्द खरे होते, पण कारण खोटे होते. बाजारपेठेत ज्याला 'मापात पाप' म्हणतात, ते मी लेखणीने केले होते.

त्यानंतर अमेरिकेतील विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला काय आले आणि आज काय येते, याविषयी मी मिळेल ते वाचत गेलो. त्यातील एका विद्यापीठाची कथा मनातून जात नाही. हे ओक्लाहोमा राज्याचे विद्यापीठ. ते नॉर्मन या गावी आहे. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीय माणसाने गावात थांबू नये, अशी तेथील रीत अनेक दशके चालत आली होती. गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणे हा तर त्या राज्यात कायद्याने गुन्हा होता.

१९४६ मध्ये अ‍ॅडा लोइस सिप्युएल या तरुणीने तेथील विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला. तिची पात्रता कोणी नाकारली नाही. नाकारला तो तिचा वर्ण. जानेवारी १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचे शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. तेव्हा राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळे विधी महाविद्यालय नावापुरते उभे केले. सिप्युएल तेथे गेल्या नाहीत. अखेर १९४९ मध्ये त्यांना विद्यापीठात घ्यावे लागले; परंतु वर्गात त्यांची खुर्ची सर्वांच्या मागे, मधल्या रिकाम्या रांगेपलीकडे ठेवण्यात आली आणि तेथे वर्ण सांगणारी पाटी लावण्यात आली. भोजनगृहातील त्यांची जागा साखळीने वेगळी केली होती आणि तेथे पहारा असे.

दुसरे विद्यार्थी जॉर्ज मॅक्लॉरिन. हे पोक्त वयाचे शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ होती आणि शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवावी, अशी त्यांची इच्छा होती. न्यायालयाच्या आदेशामुळे १९४८ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. मात्र राज्याने लगोलग कायदा बदलला आणि अशा विद्यार्थ्यांना 'विलग' ठेवूनच शिकवावे, असे ठरविले. त्याचा अर्थ असा झाला की, वर्ग एका दालनात भरे आणि मॅक्लॉरिन शेजारच्या उपदालनात एका ठरावीक बाकावर बसून दारातून व्याख्यान ऐकत. ग्रंथालयात त्यांचे टेबल मधल्या मजल्यावर. सर्वांच्या वाचनकक्षात बसण्यास त्यांना बंदी. भोजनगृहात त्यांचे मेज वेगळे आणि जेवणाची वेळही वेगळी. प्रकरण न्यायालयात गेल्यावर त्यांना वर्गात घेतले. पण त्यांच्या जागेभोवती कठडा घातला आणि 'कृष्णवर्णीयांसाठी राखीव' अशी पाटी लावली. पुढे कठडाही काढला, तरी रांग वेगळीच राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मॅक्लॉरिन यांना तीच पुस्तके मिळत होती, तेच प्राध्यापक शिकवीत होते, तीच परीक्षा होती. वरवर पाहणारा विचारील, मग उणे काय होते? जमाखर्चाची वही उघडून पाहिली, तर दोन्ही बाजू जुळत होत्या. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या प्रश्नाचे उत्तर दिले. मुख्य न्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांच्या निकालपत्राचा आशय असा की, शिकणे म्हणजे केवळ व्याख्यान ऐकणे नव्हे. सहाध्यायांशी चर्चा करणे, त्यांच्याशी मतांची देवाणघेवाण करणे हेही शिकणेच आहे आणि कठड्याने तेच हिरावून घेतले आहे. शिवाय जो माणूस उद्या इतरांना शिकविणार, त्याचे शिक्षण अपुरे राहिले, तर त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांचेही नुकसान होईल.

त्याच निकालपत्रात आणखी एक मुद्दा आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. कठडा काढला, तरी सहाध्यायी त्यांच्याशी बोलतीलच, असे नाही. मग निकालाचा उपयोग काय, असा युक्तिवाद झाला होता. त्यावर न्यायालयाने सांगितले की, राज्याने भिंत उभारणे आणि माणसांनी आपल्या इच्छेने दूर राहणे, यांत मोठे अंतर आहे. निर्बंध उठल्याने लोकांच्या मनातील पूर्वग्रह जातीलच, असे नाही. पण निदान आपल्या गुणांनी सहाध्यायांचा स्नेह संपादन करण्याची संधी तरी त्या विद्यार्थ्याला मिळेल. कायद्याचे काम येथे संपते. पुढचे काम शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचे.

ते काम करणारेही तेथे निघाले. सिप्युएल यांनी पुढे आठवणीत सांगितले आहे की, पहारेकरी नसले म्हणजे काही गोरे विद्यार्थी साखळीखालून सरपटत येत आणि त्यांच्यासोबत जेवत. सत्तेने घातलेली साखळी तेव्हा होतीच; पण त्या मुलांनी ती आपल्या मनात घालून घेतली नव्हती. १९९२ मध्ये याच सिप्युएल, म्हणजे विवाहानंतरच्या श्रीमती फिशर, त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर सदस्य म्हणून नियुक्त झाल्या. ज्या संस्थेने त्यांना पाटीमागे बसविले, तिचा कारभार पाहणाऱ्यांत त्यांचे नाव आले.

कथा येथेच संपली असती, तर किती बरे झाले असते! परंतु मार्च २०१५ मध्ये याच विद्यापीठातील एक चित्रफीत जगाने पाहिली. अमेरिकेत विद्यार्थ्यांचे खासगी निवासी संघ असतात. त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. अशा एका संघाचे तरुण सहलीच्या बसमध्ये, उंची पोशाखात, टाळ्यांच्या तालावर गात होते. आमच्या संघात कृष्णवर्णीयाला कधीही प्रवेश नाही, असे त्यांचे गाणे होते आणि झाडाला लटकावून ठार मारण्याचाही त्यात उल्लेख होता. ही चित्रफीत 'अनहर्ड' या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गटाने समोर आणली. या नावाचा अर्थ 'ज्यांचे ऐकले गेले नाही ते'. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी तो संघ तातडीने बंद केला, दोन विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्याच वर्षी नवागतांसाठी वैविध्याविषयीचे प्रशिक्षण अनिवार्य झाले.

मॅक्लॉरिन यांच्या निकालानंतर ६५ वर्षांनी हे घडले. पाट्या उतरल्या होत्या, कठडे मोडले होते, कायदा बदलला होता. गाणारी मुले अशिक्षित नव्हती, गरीबही नव्हती. ती सुखवस्तू, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांतील होती. वर्णद्वेषाचे ते गाणे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविले नव्हते. एका पिढीने दुसरीला हसतखेळत दिले होते. आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांनी थांबून विचार करावा, तो येथे.

आजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यापुढे पाटी नसते, पण पाटीची सावली असते. साठ जणांच्या वर्गात तो एकटाच असेल, तर गुलामगिरीचा विषय निघताच सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात, जणू तो आपल्या साऱ्या समाजाचा वकील आहे. त्याला चांगले गुण मिळाले, तर आश्चर्य व्यक्त होते. कमी मिळाले, तर होत नाही. रात्री ग्रंथालयातून परतताना ओळखपत्र त्याच्याकडे आधी मागितले जाते. गटप्रकल्पासाठी जोड्या जुळविताना तो शेवटी उरतो. यातील एकही प्रसंग तक्रार करावी एवढा मोठा नसतो. पण नाण्याच्या रोजच्या झिजेने नाणे हलके होते, तसे मनाचे होते.

काही वाचक म्हणतील, तेथे प्रवेशात वर्णाचा विचार करून इतरांवर, विशेषतः आशियाई मुलांवर, अन्याय झालाच ना? हा प्रश्न गैर नाही. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत तोच वाद होता आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रियेत वर्णाला महत्त्व देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली. ओक्लाहोमाच्या मतदारांनी तर २०१२ मध्येच आपल्या राज्यात ती बंद केली होती. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथील राज्यपालांनी सरकारी विद्यापीठांतील वैविध्यविषयक कार्यालयांवरही निर्बंध घातले. या निर्णयांविषयी सुजाण माणसांत मतभेद आहेत आणि ते राहतील. पण प्रवेश कोणाला द्यावा हा एक प्रश्न आहे. प्रवेश मिळालेल्याशी कसे वागावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही असो, दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. किंबहुना गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यानेच मॅक्लॉरिन यांच्या बाजूने प्रथम उभे राहावे. कारण गुण दाखविण्याची संधी एवढेच तर ते मागत होते.

मग पूर्वग्रह जातात तरी कसे? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये याचा विचार मांडला. दोन समूह नुसते जवळ आल्याने मने जुळत नाहीत. कधी कधी कटुता वाढते. चार गोष्टी लागतात: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते साधण्यासाठी एकमेकांची मदत घ्यावी लागावी आणि संस्थेचा त्याला मनापासून पाठिंबा हवा. पुढे अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात झालेले एक संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठी उचलावी तशा योगायोगाने काही गोऱ्या विद्यार्थ्यांना गोरा सोबती मिळाला होता, काहींना कृष्णवर्णीय. मिश्र खोल्यांतील गोरे विद्यार्थी सुरुवातीला कमी समाधानी होते, सोबत्याबरोबर वेळही कमी घालवीत होते. तरीही सत्र संपेपर्यंत त्यांच्या मनातील नकळत उमटणारा पूर्वग्रह कमी झाला होता. खोली बदलून मागणारे माझे पत्र मला तेव्हा पुन्हा आठवले.

या चार गोष्टी वाचताना मला नॉर्मनपेक्षा सातारा अधिक आठवला. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन कुटुंबातील. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि आपले वसतिगृह त्यांना सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे मुले मिळून श्रम करीत, मिळून स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांची मदत आणि संस्थेचा आधार, हे चारही तेथे होते. आणि ऑलपोर्ट यांचा ग्रंथ निघण्यास अजून ३० वर्षे होती. ज्या समाजात भाऊराव जन्मले, त्या समाजाला हे धडे अमेरिकेतून मागवावे लागू नयेत.

आपण स्वतःही संख्येने थोडे आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जानेवारी २०१४ मध्ये आपणांस राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्य म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती. त्यांत आपली मुलेही आहेत. त्यांच्या उच्चारांना हसले जाते, डब्यातील वासावर नाके मुरडली जातात, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलीला विचित्र समजले जाते. तेव्हा आपल्याला वाटते की, त्या संस्थेने आमच्या मुलांना समजून घ्यावे. ही अपेक्षा रास्त आहे. पण जी वस्तू आपण इतरांकडून मागतो, ती आपल्या दुकानात असावी, हाही व्यवहारच आहे. घेताना एक वजन आणि देताना दुसरे, हे चालणार नाही.

आहाराची अडचण खरी असते, हे मी नाकारीत नाही. ती जरूर सांगावी. भांडी वेगळी ठेवावीत, शीतकपाटातील कप्पा वाटून घ्यावा, जमत नसेल तर विद्यापीठाला स्पष्ट लिहावे. पण ते लिहिताना सोबतिणीचा वर्ण पाहून लेखणी उचलू नये. तसेच मुलांना निरोप देताना आपण जे सांगतो, तेही तपासावे. "त्यांच्या वस्तीत जाऊ नकोस, त्यांच्यात मिसळू नकोस," असे काळजीच्या सुरात म्हटलेले वाक्य मुलाच्या सामानात नकळत जाते. परदेशी गेलेली आपली मुले केवळ आपल्याच मुलांबरोबर घर घेऊन राहतात, आपल्यातच सण करतात आणि दोन वर्षांनी पदवी घेऊन येतात. तेव्हा कठड्याच्या एका बाजूला आपण स्वतःहून बसलेलो असतो आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही.

त्या कन्येचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. दोघींचे सगळे गोडच झाले, असे नाही. तव्यावरून कुरबुर झाली, रात्रीच्या दिव्यावरून झाली. पुढे तवे दोन झाले आणि दिव्याची वेळ ठरली. हिवाळ्यातील एक प्रसंग तिने मला दूरध्वनीवर सांगितला. दोघी रात्री उशिरा ग्रंथालयातून परतत होत्या. वसतिगृहाच्या दारात रखवालदाराने सोबतिणीला थांबवून ओळखपत्र मागितले. हिला मागितले नाही. वास्तविक त्या देशाची नागरिक ती होती, परकी ही होती. "काका, मी पुढे निघून गेले होते. मग परत फिरले आणि माझेही ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरले," असे ती म्हणाली. त्यावर सोबतीण काय म्हणाली, असे मी विचारले. "काही नाही. खोलीवर आल्यावर तिने माझ्यासाठी चहा ठेवला. साखर फार घातली होती."

यंदा दिवाळीला माझ्या स्नेह्यांनी फराळाचे पार्सल पाठविले. ते बांधून घ्यायला मीही दुकानात होतो. त्यांनी खाकऱ्यांची दोन पाकिटे काढली, थोडे थांबले आणि मग चार ठेवली. त्यांनी कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गेल्या वर्षीचे ते पत्र मात्र अजून माझ्या कपाटात आहे. नवा अर्ज भरायला घेतला की ते एकदा वाचतो आणि मगच लेखणी उचलतो.